उजवा गुडघा आणि १४ तासांचं विमान

वाचकाचं पत्र: मी ६३ वर्षांची आहे. मुलगी परदेशात असते, तिला बाळ होणार आहे, म्हणून सहा आठवड्यांनी मी एकटीच निघाले आहे. आधी दोन तासांचं विमान, मग थांबा, मग सलग १४ तासांचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते व्यवस्थित, पण गुडघा पूर्ण वाकत नाही आणि फार वेळ वाकवून ठेवला की आखडतो. मागच्या खेपेला मला आइल सीट, म्हणजे वाटेकडची जागा मिळाली होती. विमानात चढल्या चढल्या एका जोडप्याने ‘आम्हाला एकत्र बसायचंय’ म्हणून जागा बदलून मागितली. मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या वाट्याला मागची, शेवटून दुसऱ्या रांगेतली मधली जागा आली. दोन्हीकडची माणसं झोपलेली. त्यांना उठवायला नको म्हणून मी रात्रभर पाणीच प्यायले नाही. उतरताना पाय टेकवत नव्हता. आता मुलगी म्हणते, पैसे भरून चांगली जागा घे. जावई म्हणतात, विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर गोड बोललं की मिळते. तिकीट मुलीने एका एजंटकडून सगळ्यात स्वस्त भाड्याचं काढलंय. नक्की काय करू? आणि तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं का? तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, नाही म्हणायला हवं होतं. त्यात स्वार्थ नव्हता. ते दोघं रात्रभर शेजारी शेजारी झोपले असतील, त्यासाठी तुमच्या गुडघ्याने १४ तास काढले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण तुम्ही सांगितलं नाहीत. गुडघ्याची गोष्ट कळली असती तर बहुतेक त्यांनी विचारलंही नसतं. वर पाणी न पिता काढलेली ती रात्र. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मुलगी आणि जावई दोघंही ‘चांगली जागा’ म्हणताहेत. पण कुणासाठी चांगली? ज्याला झोपायचंय त्याला खिडकी चांगली. डोकं टेकायला भिंत मिळते आणि कुणी उठवत नाही. तान्हं बाळ घेऊन जाणाऱ्याला समोर भिंत असलेली पहिली रांग चांगली, कारण बाळाचा पाळणा तिथेच लागतो. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: उजवा पाय अधूनमधून सरळ करता यायला हवा आणि कुणाची परवानगी न घेता उठता यायला हवं. एवढं मनाशी पक्कं केलंत की नकाशावरच्या शेकडो जागांपैकी मोजक्याच उरतात.

आइल सीट हवी हे तुम्हाला माहीतच आहे. पण कुठल्या बाजूची? इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तुमचा उजवा पाय बाहेर काढायचाय, म्हणजे बसल्यावर वाट तुमच्या उजव्या हाताला यायला हवी. वाट डावीकडे आली तर पैसे भरून घेतलेल्या आइल सीटवरही उजवा गुडघा शेजाऱ्याकडेच अडकून राहील.

लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत दोन वाटा असतात आणि एका रांगेत नऊ किंवा दहा जागा. बोइंग ७७७ मध्ये आता बऱ्याच कंपन्या तीन-चार-तीन अशी मांडणी करतात. अक्षरं साधारण अशी असतात: ए, बी, सी, मग वाट, मग डी, ई, एफ, जी, मग दुसरी वाट, मग एच, जे, के. (‘आय’ सहसा गाळतात, कारण तो एक आकड्यासारखा दिसतो.) विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ‘ए’ डावीकडच्या खिडकीला येते. म्हणजे उजवीकडे वाट असलेल्या जागा दोनच: सी आणि जी. दोन्हींत पायाची सोय सारखीच, पण त्यांत एक मोठा फरक आहे. सीवर बसलात तर ए आणि बी या दोघांचाही बाहेर पडायचा रस्ता तुमच्यावरूनच जातो. जीवर बसलात तर फक्त एफ तुमच्याकडून निघेल, कारण ई पलीकडच्या डीकडून उतरतो. रात्रभरात तुम्हाला उठवणारी माणसं निम्मी झाली. म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती मधल्या चौकडीतली जी. ती नाही मिळाली तर सी.

विमान एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७ असेल तर मांडणी बहुधा तीन-तीन-तीन असते. तिथे मधल्या तिघांतली उजव्या टोकाची जागा घ्या. मधला माणूस तुमच्याकडून उतरेल किंवा दुसऱ्या बाजूने. एअरबस ए३३० मध्ये बहुतेक दोन-चार-दोन असतात. तिथे डाव्या खिडकीकडच्या जोडीतली आइलही छान, कारण शेजारी एकच माणूस. अक्षरं कंपनीगणिक थोडी बदलतात, त्यामुळे अक्षर पाठ करू नका. जागांचा नकाशा उघडा, विमानाचं नाक वर येईल असा धरा आणि जिच्या उजवीकडे वाट आहे ती जागा शोधा. फोनवर हा नकाशा कधी कधी आडवा दिसतो. डावं-उजवं चुकतं ते तिथेच, म्हणून मुलीकडून एकदा तपासून घ्या.

आता रांग कुठली. शेवटच्या दोन-तीन रांगा सोडून द्या. तिथे पाठ मागे जात नाही किंवा कमी जाते, टॉयलेट आणि पॅन्ट्री जवळ असते, आणि हवा खराब असली की शेपटीकडे हेलकावे जास्त जाणवतात. पंखांच्या आसपास विमान त्या मानाने स्थिर असतं. इंजिनाच्या पुढे बसलं तर आवाज कमी, मागे बसलं तर जास्त. टॉयलेटचं अंतर मात्र तुमच्यासाठी विचार करून ठरवायला हवं. अगदी शेजारी नको, कारण तिथे रांग लागते, आणि उभ्या माणसांचे पाय नेमके तुमच्या सरळ केलेल्या पायाला लागतात. पण २० रांगा लांबही नको. सहा-आठ रांगांचं अंतर बरं: रांग तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि आखडलेल्या पायाने तेवढं चालवतं.

मुलगी ज्या ‘चांगल्या’ जागेबद्दल म्हणते ती बहुधा एक्स्ट्रा लेगरूमची असणार. यात तीन प्रकार येतात, त्यातला एक तुमच्यासाठी नाहीच. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पाय पसरायला भरपूर जागा असते, पण तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडायला आणि लोकांना बाहेर काढायला मदत करावी लागते. कंपन्या ती जागा धडधाकट माणसालाच देतात, आणि ते बरोबरच आहे. कुणी सुचवेल की गुडघ्याचं सांगूच नका, चालताना तर कळत नाही. असलं काही ऐकू नका. आग लागलेल्या विमानात तुमच्या मागे शंभर माणसं उभी असतील. शिवाय व्हीलचेअरची मदत मागितली असेल तर ती जागा तुम्हाला मिळणारही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे समोर भिंत असलेली रांग. समोरचा माणूस पाठ मागे टाकून तुमच्या अंगावर येत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण तिथे बॅग पायाशी ठेवता येत नाही, विमान चढताना-उतरताना ती वरच्या कप्प्यात टाकावी लागते. म्हणजे गोळ्या, चष्मा, पाणी सगळं वर. जेवणाचा ट्रे आर्मरेस्टमधून निघतो, त्यामुळे आर्मरेस्ट वर होत नाही आणि जागा अंगाला थोडी अरुंद वाटते. आणि पाय सरळ होतो की नाही हे भिंत किती लांब आहे त्यावर. साध्या रांगेत पाऊल पुढच्या सीटखाली सरकवता येतं, इथे ते थेट भिंतीला टेकतं. काही विमानांत गुडघ्याला पुरेल एवढं अंतर असतं, काहींत नसतं. फोनवर स्पष्ट विचारा, ‘पाय पूर्ण सरळ होईल का?’ नुसतं ‘जागा जास्त आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ असंच उत्तर मिळेल.

तिसरा प्रकार साध्याच रांगांचा, फक्त अंतर थोडं जास्त. साध्या इकॉनॉमीत हे अंतर ३० ते ३२ इंच असतं. ते मोजतात एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंत, म्हणजे त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. गुडघ्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. एक्स्ट्रा लेगरूमच्या साध्या रांगांत आणखी तीन-चार इंच मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण न वाकणाऱ्या गुडघ्याला तीन इंच खूप असतात. उजवीकडे वाट असलेली अशी जागा मिळत असेल तर तिचे पैसे भरा. डोळे मिटून भरा. पण फक्त डावीकडे वाट असलेली किंवा मधली उरली असेल, तर त्यापेक्षा साध्या रांगेतली बिनपैशाची ‘जी’ बरी.

एक अनुभव सांगते. एकदा मी लांबच्या प्रवासात दाराजवळची खिडकीची जागा ‘जास्त लेगरूम’ म्हणून पैसे भरून घेतली. जाऊन बसले तर दाराचा फुगवटा माझ्या पायांच्या जागेत आलेला. आणीबाणीत फुगणारी घसरगुंडी त्यातच घडी करून ठेवलेली असते. डावा पाय सरळ जायचा, उजवा जायचाच नाही. दारापाशी गार लागत होतं, मी शालीत पाय गुंडाळून बसले. नकाशावर ती जागा हिरवी आणि महाग दाखवली होती, फुगवटा कुठेच नव्हता. तेव्हापासून मी कंपनीच्या नकाशावर विसंबून राहत नाही. एरोलोपा नावाची एक वेबसाइट आहे, तिच्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या जागांचे प्रमाणात काढलेले नकाशे आहेत; दार कुठे, टॉयलेट कुठे, कुठल्या खिडकीच्या जागेला खिडकीच नाही, हे त्यात दिसतं. पैसे भरण्याआधी मुलीला तिथे पाच मिनिटं घालवायला सांगा. काही जागांखाली समोरच्या पडद्याच्या यंत्रणेची पेटीही बसवलेली असते आणि ती नेमकी पाय ठेवायच्या जागेत येते, तेही बघा.

आता जावयांचं म्हणणं. काउंटरवर गोड बोलायला काहीच हरकत नाही, पण तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. बहुतेक कंपन्यांचं ऑनलाइन चेक-इन विमान सुटायच्या २४ तास आधी उघडतं, काहींचं ४८ तास आधी. लोक घरी बसून जागा उचलतात. काउंटर उघडतो तेव्हा उरतात त्या मधल्या आणि मागच्या. नीटनेटके कपडे घालून गेलं, आज वाढदिवस आहे म्हटलं, तर वरच्या वर्गात बसवतात, हेही तुम्ही ऐकलं असेल. इकॉनॉमीची तिकिटं जास्त विकली गेली की काही जणांना खरोखर वर पाठवतात, पण तेव्हा बघतात ते त्या कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांची कार्डं आणि कुणी किती भाडं भरलंय ते. सगळ्यात स्वस्त तिकिटावर त्याची वाट बघत बसू नका.

तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. हीच खरी वेळ. जागा मागायची ती आत्ता.

आणि मागायची ती एजंटकडे नाही, विमान कंपनीकडे. त्यासाठी कंपनीचा पीएनआर लागेल, सहा अक्षर-आकड्यांचा. एजंटच्या कागदावर मोठ्या अक्षरांत असतो तो कित्येकदा एजंटचा स्वतःचा बुकिंग क्रमांक, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर चालत नाही. तो टाकून ‘बुकिंग सापडत नाही’ असं आलं की माणसाचा जीव खाली-वर होतो. घाबरू नका. एजंटला फोन करून ‘एअरलाइनचा पीएनआर द्या’ एवढंच सांगा. दोन विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर दोन पीएनआर असू शकतात. तिकीट एका कंपनीच्या नावाचं आणि प्रत्यक्ष विमान दुसरीचं, असंही होतं. अशा वेळी जागा ठरवते ती विमान उडवणारी कंपनी; तिचं नाव तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मुलीला आणखी एक बघायला सांगा: कंपनीच्या बुकिंगमध्ये ईमेल आणि फोन कुणाचा आहे? एजंटचा असेल तर वेळ बदलली, विमान बदललं, काही सवलतीची ऑफर आली, तर सगळी पत्रं एजंटला जातील. तिथे तुमचा किंवा मुलीचा पत्ता घाला.

मग फोन. तुमच्या भिडस्त स्वभावाचा अंदाज आला, म्हणून वाक्यंच लिहून देते, समोर कागद धरून वाचलीत तरी चालेल. ‘माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. गुडघा पूर्ण वाकत नाही. १४ तासांच्या विमानात मला आइल सीट हवी आहे, अशी की वाट माझ्या उजव्या हाताला येईल. एक्झिट रो नको. ही वैद्यकीय गरज म्हणून बुकिंगमध्ये नोंद करा आणि नोंद झाल्याचा ईमेल पाठवा.’ पलीकडून ‘स्वस्त भाड्यात जागा निवडता येत नाही’ असं सांगतील. तो नियम आवडीच्या जागेसाठी आहे. तुम्ही गरज सांगताय. शांतपणे पुन्हा तेच म्हणा, आणि ‘विशेष मदत’ विभागाकडे जोडून द्यायला सांगा. बहुतेक कंपन्यांत तो वेगळा असतो. डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र आधीच घेऊन ठेवा: कुठला पाय, किती वाकतो, मध्येमध्ये सरळ करणं आणि चालणं का गरजेचं आहे.

मुलगी कुठल्या देशात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. अमेरिकेत असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या विमानांना, परदेशी कंपन्यांच्या विमानांनासुद्धा, तिथला एक नियम लागू होतो: ज्याचा पाय वाकत नाही किंवा हलवता येत नाही, अशा प्रवाशाने ते कळवलं तर त्याला त्याच वर्गात भिंतीसमोरची किंवा जास्त लेगरूमची जागा द्यावी, आणि ती वाटेच्या ज्या बाजूला त्याच्या पायाची सोय होईल त्या बाजूची असावी. डावं-उजवं त्या नियमातच आहे, बघा. तुमचा गुडघा थोडा तरी वाकतो, त्यामुळे नियम तुम्हाला तंतोतंत लागू होईल असं मी म्हणणार नाही; म्हणून तर डॉक्टरांचं पत्र हवं. युरोपीय संघातही २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम आहे. हालचालीला अडचण असलेल्या प्रवाशाने मागणी केली तर, सुरक्षितता आणि उपलब्ध जागा बघून, त्याच्या गरजेप्रमाणे बसवण्याचे सर्व वाजवी प्रयत्न कंपनीने करावेत असं तो म्हणतो. विमानतळावरच्या मदतीसाठी तिथे किमान ४८ तास आधी कळवावं लागतं.

त्याच फोनवर व्हीलचेअरही सांगून टाका. चालता येतं म्हणून मागायला संकोच वाटेल, पण मोठ्या विमानतळावर एका विमानातून दुसऱ्याकडे जायचं अंतर खूप असतं, आणि १४ तासांच्या बैठकीआधी गुडघा दमवून कशाला ठेवायचा? व्हीलचेअरवाल्यांना सहसा आधी चढवतात. गर्दी व्हायच्या आत तुम्ही स्थिरस्थावर झालेल्या असाल. उतरताना मात्र शेवटी नंबर लागतो, तेव्हा दोन विमानांमधला वेळ पुरेसा आहे ना ते बघा.

जागा मिळाली की बोर्डिंग पास हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका. कंपन्या ऐन वेळी विमान बदलतात. ७७७ च्या जागी ए३५० आलं की सगळा नकाशा बदलतो, संगणक तुम्हाला कुठेतरी बसवून मोकळा होतो, आणि कळवतोच असं नाही. मुलीला आठवड्यातून एकदा बुकिंग उघडून जागा बघायला सांगा, आणि पैसे भरले असतील तर पावतीचा आणि जागेचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. पैसे भरलेली जागा कंपनीने काढून घेतली तर पैसे परत मागायला तोच कागद कामी येतो. चेक-इन उघडायच्या वेळेला मुलीने गजर लावावा. तोपर्यंत अडवून ठेवलेल्या काही जागा तेव्हा सुटतात आणि सोमवारी नसलेली ‘जी’ बुधवारी दिसते. एवढं करूनही नाहीच जमलं तर मग जावई म्हणतात तसा काउंटर, आणि त्यानंतर गेट. गेटवर अगदी शेवटी हलवाहलव होते: कुणी आलेलं नसतं, कुणाला वर पाठवलेलं असतं. तिथे नोंदीचा ईमेल दाखवा आणि नेमकं मागा, ‘उजवीकडे वाट येईल अशी आइल.’ नुसतं ‘चांगली सीट द्या’ म्हटलं तर समोरच्या माणसाला तुम्हाला नेमकं काय हवंय तेच कळणार नाही.

प्रीमियम इकॉनॉमीचाही विचार करायला हरकत नाही. तिथे रांगांतलं अंतर साधारण ३८ इंच असतं आणि जागाही रुंद. प्रवासाच्या काही दिवस आधी बऱ्याच कंपन्या ईमेल पाठवतात की बोली लावा, जमलं तर वर घेऊ. चेक-इनच्या वेळीही कधी कमी पैशांत देऊ करतात. सगळ्यात स्वस्त भाड्याला ही सोय कधी कधी नसते, तेवढं विचारून घ्या. आणि बोली लागलीच तर आधीची ठरलेली जागा जाते, नवीन जागा कंपनी देते आणि ती मधलीही असू शकते. तेव्हा लगेच फोन करून पुन्हा तीच नोंद दाखवा. खर्च करायचाच तर फक्त १४ तासांच्या विमानावर करा. दोन तासांच्या विमानात कुठेही बसलात तरी निभेल.

आता विमानात बसलात असं धरू. उजव्या आर्मरेस्टच्या खालून, बिजागरीजवळ, बोटं फिरवून बघा. पुष्कळ विमानांत तिथे एक छोटं बटण किंवा खटका लपवलेला असतो. तो दाबला की वाटेकडचा आर्मरेस्ट वर उचलला जातो. मला हे एका वयस्कर प्रवासिनीने दाखवलं. तिने खटका दाबला, आर्मरेस्ट उचलला, अंग वळवून दोन्ही पाय वाटेत घेतले आणि एका झटक्यात उभी राहिली. मी तोवर आर्मरेस्ट आणि ट्रे यांच्यामधून अंग पिळून निघत असे. बटण नाही सापडलं तर क्रूला विचारा. विमान चढता-उतरताना तो खालीच ठेवायचा असतो. पाय वाटेत सरळ कराल तेव्हा ट्रॉलीकडे लक्ष असू द्या. ती जड असते, ढकलणाऱ्याला खालचं पाऊल दिसत नाही. ट्रॉली पुढे गेली की पाय बाहेर, परत येताना दिसली की आत. आणि झोप येतेय असं वाटलं की पाय आधी आत घ्या.

पाणी प्या. हे हात जोडून सांगते. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. आणि न हलता बसून राहण्याचा धोका नुसत्या गुडघ्याला नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. घाबरायचं कारण नाही, मुळात तो धोका थोडा. त्यांच्याच हिशोबाने अंदाजे सहा हजारांत एकाला. पण वय, आधीची ऑपरेशन्स, चालू असलेली औषधं यांनी तो वाढतो. तेव्हा पत्र घ्यायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, गुडघ्याखालचे दाब देणारे मोजे घालू का, आणि घातले तर कुठल्या मापाचे. स्वतःच्या मनाने घट्ट मोजे आणू नका. दर तासाला बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा, आणि जाग असेल तेव्हा दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. जीच्या जागेवरून हे करायला कुणालाही उठवावं लागणार नाही. ती जागा मिळवायची एवढी खटपट त्यासाठीच तर आहे.

आणि पुन्हा कुणी येऊन ‘आंटी, जरा जागा बदलाल का?’ म्हणालं तर? एकच वाक्य पुरे: ‘माझ्या पायाचं ऑपरेशन झालंय, मला ही जागा मुद्दाम दिलेली आहे.’ पुढे ‘सॉरी’ची माळ नको, की कुठल्या वर्षी कुठला डॉक्टर तेही नको. लहान मूल आणि आई वेगळी पडली असतील तर तुमचं मन द्रवेल, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं. तेव्हा त्यांना सांगा की क्रूला बोलवा, ते दुसऱ्या कुणाला विचारतील. विमानात २५०-३०० माणसं असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचे दोन्ही गुडघे शाबूत असतात. तुमच्या उजवीकडच्या आइलच्या बदल्यात कुणी तशीच उजवीकडची आइल, टॉयलेटपासून तेवढ्याच अंतरावर देत असेल, तर खुशाल उठा. आधी त्यांची जागा कुठली ते विचारा, डोळ्यांनी बघा, मग हो म्हणा. मागच्या खेपेला तुम्ही उठून उभ्या राहिलात तेव्हा कुठली जागा मिळणार हे तुम्हाला माहीतच नव्हतं.

विमानाचं दार बंद झाल्यावर आसपास मोकळी जोडी किंवा ओळ दिसली, तर क्रूला विचारून तिकडे जायला हरकत नाही. एक्स्ट्रा लेगरूमच्या रिकाम्या जागा मात्र पैशाच्या असतात, तिथे बसू देत नाहीत. मला विचाराल तर, पाय आडवा टाकायला शेजारची जागा रिकामी मिळत असेल तरच हला.

फोन उद्याच करा. आणि फोनवर असताना परतीच्या विमानासाठीही तीच नोंद करून घ्या. परतीचं विमान वेगळं असलं तर मांडणी वेगळी असेल, अक्षरंही वेगळी असतील, त्यामुळे तिथेही अक्षर मागू नका, ‘वाट उजव्या हाताला’ असंच सांगा. तेव्हा नातवंडाला उचलून उचलून गुडघा आणखी दमलेला असेल.